टेलरबाईंचे नऊ हसरे दिवस

टेलरबाईंना राग यायला कारण लागत नाही, असं सगळे म्हणायचे. साफ खोटं! कारण लागायचं, आणि ते बहुतेक वेळा त्यांच्या डोळ्यांसमोर लोंबत असायचं. कुणाची शिवण उसवलेली, कुणाचं वरचं बटण खालच्या काजात, कुणाची एक बाही मनगटापर्यंत तर दुसरी कोपरापर्यंत. ज्या बाईनं बेचाळीस वर्षं लोकांचे खांदे आणि कंबरा मापल्या, तिनं हे सगळं बघून न बघितल्यासारखं करायचं? का म्हणून? टेलरबाई बोलायच्या. समोर कोण आहे ते न बघता बोलायच्या.

पडून खुबा मोडला आणि त्यांची रवानगी या वृद्धांच्या निवासात झाली. मुलगा समजूत काढायचा, "आई, वृद्धाश्रम नाही गं तो. मदतीसह निवास म्हणतात त्याला." यावर त्यांचं उत्तर ठरलेलं, "हो का? मग मदत कधी सुरू होणार आहे?" पहिल्याच दिवशी ऑफिसातल्या मॅडमनी त्यांची कात्री काढून घेतली. धारदार वस्तू खोलीत चालत नाहीत म्हणे. लग्नाआधी पहिल्या कमाईतून घेतलेली, जुन्या फडक्यात गुंडाळलेली ती नऊ इंची कात्री मॅडमच्या खणात जाऊन पडली. सुया गेल्या, टाचण्या गेल्या. टेप तेवढी राहिली, कारण टेपनं स्वतःला काही करून घेता येतं हे मॅडमना सुचलं नसावं.

बरं, कपड्यांचा तरी धड कारभार असावा की नाही? तेही नाही. चौदा जणांचे कपडे एकाच मशीनमध्ये धुवायला जात. मार्करनं लिहिलेले खोलीचे नंबर दोन धुण्यांत पुसून जात, आणि परत येताना कुणाचं काय ते अंदाजपंचे. टेलरबाईंनी मॅडमना सांगितलं होतं, "लाल दोऱ्यानं नंबर घालून देते सगळ्यांचे. आठ दिवसांचं काम आहे. पुन्हा म्हणून घोळ होणार नाही." मॅडम गोड हसल्या आणि म्हणाल्या, "आजी, सुई लागेल ना त्याला." आता सुईशिवाय शिवणारा माणूस कुठून आणायचा? पालथ्या घड्यावर पाणी!

सेवेला बाई होती एक, चौदा जणांमागे एक. पोरगी वाईट नव्हती. पण एकीला उठवताना तिचं लक्ष दुसरीच्या घंटीकडे आणि कान तिसरीच्या खोकल्याकडे, म्हणून टेलरबाईंनी तिचं नाव घाईताई ठेवलं होतं. घाईताईच्या गळ्यात एक टॅब लटकलेला असायचा. संध्याकाळी दारात उभी राहून ती प्रत्येकाचं भरायची: जेवण, आंघोळ, पोट आणि मन. जेवण, आंघोळ, पोट यांना बरोबरची खूण. मनाला मात्र तीन तोंडं होती. एक हसरं, एक सपाट, एक रागीट. त्यातल्या एकावर बोट ठेवायचं की झालं त्या माणसाचं मन.

"आज काय लावू, आजी?"

"मला काय विचारतेस? तू डोळ्यांनी बघतेयस ना!"

की लागलं रागीट.

टेलरबाईंच्या खोलीत दुसऱ्या पलंगावर होत्या भूगोलबाई. त्र्याऐंशी वर्षांच्या, शाळेत पस्तीस वर्षं भूगोल शिकवलेल्या. आता नद्या, डोंगर, स्वतःचा पत्ता, सगळंच निसटलं होतं. राहिला होता एक प्रश्न. "घंटा झाली का हो?" झाली म्हटलं, तर पर्स उचलून दाराकडे निघायच्या. नाही म्हटलं, तर "बरं" म्हणून बसायच्या, आणि पाच मिनिटांनी पुन्हा, "घंटा झाली का हो?" एकदा टेलरबाईंनी मोजलं. सकाळच्या चहापासून जेवणापर्यंत बासष्ट वेळा. दुपारी जरा डोळा लागतोय तर त्रेसष्टावी.

माणसाच्या सहनशक्तीला काही शिवण असते, ती उसवते. टेलरबाई वॉकर ढकलत तरातरा ऑफिसात गेल्या. "मॅडम, हिचं काहीतरी करा. नाहीतर मला वेड लागेल, मग दोघींचं करत बसा!"

त्यांना काय हवं होतं? कुणीतरी भूगोलबाईंना दिवसातून दोनदा बागेत फिरवावं. समोर एखादा नकाशा ठेवावा. चार शब्द बोलावेत त्यांच्याशी. एवढंच. पण ते त्या बोलल्या नाहीत. बोलल्या ते "काहीतरी करा." आणि मॅडमनी काहीतरी केलं. डॉक्टर आले, दोन मिनिटं दारात उभे राहिले, आणि दुसऱ्या दिवसापासून भूगोलबाईंच्या चहाच्या कपाशेजारी एक छोटी पांढरी गोळी येऊ लागली.

पहिले दोन दिवस टेलरबाईंना मस्त झोप लागली. हे त्यांनी नंतर स्वतःच कबूल केलं, दातओठ खात. तिसऱ्या दिवशी चहा पिताना त्यांच्या लक्षात आलं की सकाळपासून कुणी घंटा विचारलेली नाही. त्यांनी वळून बघितलं. भूगोलबाई खुर्चीत होत्या. हनुवटी छातीवर टेकलेली, तोंडातून लाळ, गाऊन पुढून ओला. चमचा तोंडाशी नेला तर ओठ उघडायचे, पण गिळायचं आठवायचं नाही.

"बाई, अहो बाई! घंटा झाली!" टेलरबाई ओरडल्या.

भूगोलबाईंनी एक डोळा अर्धा उघडला आणि मिटला.

टेलरबाई पुन्हा ऑफिसात. "बंद करा ती गोळी!"

"आजी," मॅडम कागदावरून मान वर न करता म्हणाल्या, "तुमचीच तक्रार होती ना?"

आता यावर काय बोलायचं? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. टेलरबाईंनी तरी बोलून घेतलं. तो आठवडाभर त्या बोलतच होत्या. सकाळी मॅडमशी, दुपारी घाईताईशी, संध्याकाळी भिंतीशी. आणि रोज टॅबवर रागीट तोंड.

शेवटी एका रविवारी संध्याकाळी घाईताई दार लोटून आत आली. ती कधी बसायची नाही. त्या दिवशी पलंगाच्या कडेला बसली.

"आजी, एक सांगू? कुणाला बोलू नका. महिन्यात वीस रागीट तोंडं झाली की यादी आपोआप डॉक्टरांकडे जाते. तुमची अठरा झालीत."

"मग जाऊ दे की!"

"मग तुम्हालाही तीच गोळी." तिनं भूगोलबाईंकडे बघितलं. "महिना संपायला दहा दिवस आहेत. दहा दिवस गप्प बसाल का, आजी? माझ्यासाठी."

"तूच लाव ना मग हसरं!"

"मॅडम संध्याकाळी फेरीत तपासतात. तुमचा आवाज जिन्यापर्यंत येतो, आजी. मी खोटं कसं लावू? माझी नोकरी जाईल."

टेलरबाई कुणाला भ्यायच्या नाहीत. घरमालकाला नाही, गिऱ्हाइकाला नाही, नवऱ्याला तर नाहीच नाही. पण शेजारच्या खुर्चीतली ती टेकलेली हनुवटी बघून त्या भ्यायल्या. डोळे आणि हात, एवढंच तर शिल्लक होतं त्यांच्याकडे. तेच झोपले, तर मग टेलरबाई म्हणून उरणार कोण?

सोमवारपासून त्या हसू लागल्या.

काय सांगायचं त्या हसण्याचं! चहा गार आला. "छान आहे." भाजीत मीठ नव्हतं. "छान आहे." कवळीच्या डबीत दुसऱ्याच कुणाची कवळी निघाली. "असू दे गं, सापडेल." मंगळवारी घाईताईनं घाईघाईत त्यांना गाऊन उलटा घातला. शिवणी बाहेर, लेबल हनुवटीखाली. बेचाळीस वर्षं शिवण आत लपवण्यात घालवलेल्या बाईनं तो दिवसभर तसाच मिरवला. समोरच्या खोलीतले निवृत्त पोस्टमास्तर कौतुकानं म्हणाले, "अरे वा, नवीन फॅशन वाटतं!" टेलरबाईंनी त्यांनाही हसून दाखवलं. आतल्या आत दात इतके आवळले होते की रात्री जबडा दुखायला लागला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार! पण टॅबवर हसरं तोंड लागलं. एक दिवस गेला, दोन गेले, तीन गेले.

गुरुवारी भूगोलबाईंचे कपडे बदलले, तेव्हा त्यांच्या पायात मोजे आले. निळे, जाड, अगदी कोरे. ते त्यांचे नव्हतेच. खालच्या मजल्यावरच्या कुण्या बारीक पायाच्या माणसाचे असणार. टेलरबाईंनी पलंगावरूनच माप घेतलं, डोळ्यांनी. दिवसभर खुर्चीत झोपून भूगोलबाईंचे पाय सुजले होते. घोट्याचा घेर दहा-साडेदहा इंच, आणि मोज्याचं इलॅस्टिक सात इंचाचं. ते ताणून बसणार आणि उतरणार नाही. कुठलीही शिवणकामवाली सांगेल.

शुक्रवारी मोज्याच्या वरच्या कडेला कातडीची एक वळी आली. शनिवारी ती लाल झाली.

एरवी टेलरबाईंनी घर डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी त्या मूग गिळून बसल्या. वाकून स्वतःच काढायला गेल्या, तर खुब्यानं दगा दिला. वाकायचं नाही अशी डॉक्टरांची सक्त ताकीदच होती. मग काठीच्या टोकानं मोजा खाली ढकलून बघितला. इलॅस्टिक केसभर हललं नाही, भूगोलबाई मात्र झोपेतच कण्हल्या. कात्री असती तर! एक काप, की सुटलं असतं. पण कात्री मॅडमच्या खणात होती आणि टेलरबाईंचं तोंड टॅबमध्ये.

घाईताई आली तशी त्यांनी आवाजात जमेल तेवढा गोडवा ओतून म्हटलं, "अगं, बाईंचे मोजे जरा..."

"छान आहेत ना, आजी? एकदम नवीन आहेत." घाईताई टॅबवर बोट फिरवत होती. पलीकडे कुणाची तरी घंटी वाजली.

"हो," टेलरबाई म्हणाल्या. "छान आहेत."

त्या दिवशीही हसरं तोंड लागलं.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. दर शनिवारी यायचा. "आई, कशी आहेस?"

"छान."

"जेवण?"

"छान आहे."

"काही हवंय का? काही त्रास?"

"नाही रे. सगळं छान आहे इथं."

मग मुलगा म्हणाला, "बरं, ठेवतो." आणि त्यानं ठेवला, तो थेट मॅडमना लावायला. हे टेलरबाईंना कुठून कळणार? त्या आपल्या दिवस मोजत होत्या. रविवार गेला, सोमवार गेला. भूगोलबाईंचं अंग ओल्या फडक्यानं पुसून झालं की टॅबवर आंघोळीची खूण व्हायची. पाय थंड पडतात म्हणून मोजे पायातच राहायचे. मंगळवारी निळ्या मोज्याच्या कडेला एक ओला काळपट डाग दिसला. टेलरबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. आणखी एकच दिवस, त्या स्वतःला म्हणाल्या. एक दिवस झाला की महिना संपतो, मग बघते एकेकाला. नववं हसरं तोंड लागलं.

बुधवारी सकाळी अकराला त्यांना ऑफिसात बोलावणं आलं. बघतात तर मॅडम, डॉक्टर आणि मुलगा! कामाच्या दिवशी, रजा टाकून, रडून डोळे लाल करून मुलगा बसलेला.

"तू का आलास? सूनबाई बरी आहे ना?"

"सगळे बरे आहेत, आई. तू बस."

डॉक्टरांनी आधी वार विचारला. मग घड्याळ काढायला सांगितलं. टेलरबाईंनी काढलं. वर्तुळ तर असं गोल काढलं की परकार लाजावा. आयुष्यभर गळे कापले होते, हसता काय? मग डॉक्टरांनी शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं. तेही केलं. डॉक्टर कागदावर काहीतरी लिहीत होते.

मॅडम खालच्या आवाजात म्हणाल्या, "नऊ दिवसांत एक तक्रार नाही, डॉक्टर. गाऊन उलटा घातला, तरी यांना कळलं नाही. दुसऱ्याची कवळी आली, तरी हसल्या. 'स्वभावात अचानक बदल' यात बसतं हे."

"फोनवर म्हणाली, सगळं छान आहे," मुलगा म्हणाला. "डॉक्टर, माझ्या आईनं उभ्या जन्मात कशाला छान म्हटलेलं नाही. माझ्या लग्नातला सूट तिनं स्वतः शिवला, त्यालाही नाही म्हणाली. ही माझी आई नाही. काहीतरी झालंय तिला."

डॉक्टर टेलरबाईंच्या डोक्यावरून मुलाशी बोलू लागले. "या वयात असं होतं. डोक्यात काहीतरी सुरू झालेलं असतं. आपण एक सौम्य गोळी सुरू करून बघू. रात्री एक, सकाळी अर्धी."

टेलरबाईंना क्षणभर कळेचना. रागावलं तरी गोळी. हसलं तरी गोळी! म्हणजे नऊ दिवस जबडा दुखेपर्यंत हसले, ते कशासाठी? तळपायाची आग अशी मस्तकात गेली की त्या वॉकरला धरून उभ्याच राहिल्या.

"गाऊन कळला नाही? मला? अरे, माझ्या हनुवटीला लेबल टोचत होतं दिवसभर! मीडियम लिहिलंय त्यावर, आणि मला लार्ज लागतो. तुमचा चहा गार असतो, भाजी अळणी असते, आणि ती कवळी त्या पोस्टमास्तरांची होती, कारण पुढचा एक दात सोन्याचा होता. आणि डॉक्टर, आधी स्वतःचा कोट बघा! डाव्या बाहीचा मुंढा अर्धा इंच खाली कापलाय. हात वर केलात की सगळा कोट कानाशी येतो. कुणी शिवला हा? पैसे परत मागा त्याच्याकडून!"

डॉक्टरांनी नकळत डावा हात वर केला. कोट कानाशी आला.

मुलगा हसत होता आणि डोळे पुसत होता. "डॉक्टर, हीच माझी आई. बरी आहे ती."

डॉक्टरही हसले. मॅडम हसल्या नाहीत. "बघा ना, हीच ती चिडचिड," त्या म्हणाल्या. "अठरा तोंडं झालीत महिन्यात."

"बरं, बरं," डॉक्टरांनी पेन बंद केलं. "तूर्त गोळी नको. पुढचा महिना बघू. पण आजी, जरा शांतपणे घ्यायचं. पुन्हा यादीत नाव आलं तर मला विचार करावा लागेल. ठरलं?"

"ठरलं," टेलरबाई म्हणाल्या.

सुटल्या. त्यांनी वॉकर दाराकडे वळवला. मुलगा शेजारून चालत होता, दोन दिवसांनी पुन्हा येतो म्हणत होता. दारापर्यंत सहा पावलं होती. गप्प राहिल्या असत्या तर पुढचा महिनाही निभावला असता. चार पावलं झाली. त्या निळ्या मोज्यावरचा तो काळपट डाग काही डोळ्यांपुढून हलेना. त्या थांबल्या.

"डॉक्टर, या माझ्याबरोबर," त्या न वळता म्हणाल्या. "भूगोलबाईंचे पाय बघायला. आत्ता. हसरं नाही, सपाट नाही, रागीट तोंड लावा माझं. वीस लावा!"

मॅडम म्हणाल्या, "आजी, भूगोलबाईंची आजची तपासणी..."

"मी मेले तरी बोलणार आहे! या म्हटलं ना!"

गेले सगळे. भूगोलबाई खुर्चीत हनुवटी टेकून होत्या. डॉक्टरांनी खाली बसून मोजा ओढून बघितला आणि हात एकदम मागे घेतला. इलॅस्टिक कातडीत रुतून बसलं होतं. वर सूज, खाली सूज, मधे ओली जखम.

"कापावा लागेल. कात्री आहे का?"

घाईताईनं ऑफिसातली कागदाची कात्री आणली. तिला धारच नव्हती. डॉक्टरांनी दोनदा लावली. दोन्ही वेळा भूगोलबाई झोपेत कळवळल्या.

"माझी आणा," टेलरबाई म्हणाल्या.

मॅडम काहीतरी बोलणार होत्या. त्यांनी डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मुकाट खण उघडायला गेल्या. जुन्या फडक्यातली नऊ इंची कात्री आली. डॉक्टरांनी ती बोटांत जशी धरली, ते बघूनच टेलरबाई म्हणाल्या, "द्या इकडे. ती भाजी चिरायची नाही."

भूगोलबाईंचा पाय पलंगावर ठेवला, टेलरबाईंना उंच स्टुलावर बसवलं. कात्री अंगठ्यात बसली. त्यांनी खालच्या पात्याचं टोक कातडीला न लावता इलॅस्टिकच्या आत सरकवलं, आणि एकेक दोरा कापत गेल्या. कट, कट, कट. दुसऱ्या पायाचाही कापला.

"हे किती दिवसांपासून आहे?" डॉक्टरांनी जखम पुसत विचारलं.

"गुरुवारपासून. शुक्रवारी कातडीवर वळी आली."

"मग सांगितलं का नाही, आजी? तुम्ही तर..."

"तुमच्या त्या हसऱ्या तोंडासाठी!" टेलरबाईंचा आवाज फुटला. "मी घाबरले. मला ती गोळी नको होती. सहा दिवस बघत होते मी, माप माहीत होतं मला, आणि मी छान म्हणाले. आधी तोंड उघडून हिला झोपवलं, मग तोंड बंद ठेवून हिचा पाय कापला. आता सांगा मला, नेमकं कधी बोलायचं ते!"

घाईताई भिंतीला टेकून रडत होती. तिच्याकडून तरी काय अपेक्षा करणार? चौदा माणसांना दोन हात.

त्यानंतर काय झालं? जे होतं ते झालं. मॅडमनी सगळ्यांचे मोजे बदलले, मोठे आणले, आणि भिंतीवर एक नवीन सूचना लावली. कात्री पुन्हा फडक्यात आणि फडकं पुन्हा खणात गेलं. टेलरबाईंनी सुईचं पुन्हा विचारलं, तर त्यांना प्लास्टिकची एक जाड सुई मिळाली, मुलांना शिकवायला देतात तसली. ती कापडात शिरतच नाही. भांडण चालू आहे. भूगोलबाईंची गोळी डॉक्टरांनी एकदम नाही, पण हळूहळू कमी केली. जखम भरायला दोन महिने लागतील म्हणाले. कदाचित जास्तच.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी टेलरबाई चहा पीत होत्या. गारच होता. पलीकडून आवाज आला, "घंटा झाली का हो?"

टेलरबाईंच्या हातातला कप बशीवर आपटला. "नाही हो बाई, अजून नाही."

"बरं." भूगोलबाईंनी खाली बघितलं. पायाला पांढरी पट्टी. "हे काय झालं मला?"

खोटं सांगता आलं असतं. पाच मिनिटांत विसरणाऱ्या बाईला काय, काहीही चालतं. "मोजा घट्ट होता," त्या म्हणाल्या. "मला दिसत होतं. मी बोलले नाही. माझ्यामुळे झालं."

भूगोलबाईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. चष्म्यावरून, मागच्या बाकावरच्या पोरीकडे बघावं तसं. "घाबरलीस का?"

"हो."

"असू दे. पुन्हा दिसलं की हात वर करायचा."

टेलरबाईंना डोळे पुसायला काही सापडेना, म्हणून त्यांनी बाहीच लावली. पाच मिनिटं गेली.

"घंटा झाली का हो? हे काय झालं मला?"

टेलरबाईंनी पुन्हा सांगितलं. सगळं, पहिल्यापासून. दुपारपर्यंत चौतीस वेळा सांगितलं, आणि चौतीस वेळा तेच उत्तर ऐकलं. एका चुकीची माफी एकदा मागतात, निदान जगात तरी अशी रीत आहे. इथं दर पाच मिनिटांनी! पस्तिसाव्या वेळी त्यांचा संयम संपला. त्या ओरडल्या, "अहो बाई, किती वेळा कबूल करू!" भूगोलबाई दचकल्या, आणि मग शांतपणे म्हणाल्या, "आधी हात वर करायचा."

संध्याकाळी घाईताई टॅब घेऊन दारात उभी राहिली. "आज काय लावू, आजी?"

टेलरबाईंनी उजवा हात वर केला. खांदा दुखत होता, तरी सरळ वर.

"आता काय?" घाईताई घाबरून म्हणाली.

"रागीट लाव. पण त्याआधी आत ये आणि हिचा गाऊन सरळ कर. उलटा घातलायस."